स्टीलची टूरिंग सायकल बनवून घेतोय. फ्रेमवर काय काय असावं?

गोडोलीकर | ३ जून, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. अखेर घरातून परवानगी मिळाली (म्हणजे "कर काय करायचं ते" असा शेरा मिळाला) आणि स्टीलची फ्रेम बनवून घ्यायचं नक्की केलं. पुण्यात एक जण हातानं फ्रेम करून देतो. त्यानं उंची, पाय, हात सगळं मोजून घेतलं आणि आता दोन पानी फॉर्म पाठवलाय. टायर किती रुंद, ब्रेक कुठला, मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी किती, कॅरिअरचे आटे (बोल्ट बसवायची आटेदार भोकं) कुठे कुठे, बाटल्या किती, स्टँडची पट्टी हवी का, पंपाची खुंटी हवी का... पंधरा तारखेच्या आत भरून द्यायचाय. वर दम दिलाय, रंग चढल्यावर काही सांगायचं नाही.

वापर सांगतो. रोज घर ते एमआयडीसी, येऊन-जाऊन १४ किलोमीटर, पावसातसुद्धा. रविवारी यवतेश्वर घाट चढून कास. आणि वर्षातून एकदा सामान लादून आठ-दहा दिवस. यंदा पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून किनाऱ्यानं खाली असा बेत आहे. सध्याची सायकल अल्युमिनियमची हायब्रिड. मागं कॅरिअर बसतं, पुढं काहीच बसत नाही, आणि ३८ मिलीमीटरचा टायर घातला की मडगार्डला रामराम.

उंची ५ फूट ८, वजन ७८, बूट ९ नंबर. एकच सायकल असणार आहे, दुसरी परवडणार नाही. बोला.

बाभूळकाटा | ३ जून, रात्री १०.३२

बूट नंबर दिलास हे लय भारी केलंस, लग्नाची पत्रिकाच वाटली. बाकी जतच्या बाजूला येणार असशील तर फ्रेमचं नंतर बघ, आधी पंक्चरचं सामान घे.

घाटवेडा | ३ जून, रात्री ११.०५

डिस्क ब्रेक. पुढचं काही वाचूच नका. भर जुलैत कासवरून उतरताना रिमवर जांभ्याची लाल माती बसते, ब्रेक दाबला की करकर आवाज येतो आणि सायकल दहा फूट पुढं जाऊन थांबते. माझी एक रिम दोन पावसाळ्यांत घासून आत वळली. बोट फिरवलं की खड्डा लागायचा. डिस्क घे आणि मोकळा हो.

जुना फिटर | ४ जून, सकाळी ६.२०

गोडोलीकर, तुम्ही फॉर्म वरून खाली भरत बसू नका. आधी टायर ठरवा. टायर ठरला की मडगार्ड ठरतं, मडगार्ड ठरलं की चिमट्याची (चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या नळ्यांची) आतली रुंदी ठरते, त्यावरून ब्रेक आणि मागच्या नळ्यांची लांबी. उलटं केलं तर फसगत होते. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या दहातल्या पाच सायकली तिथंच अडकलेल्या असतात: फ्रेम सुरेख, पण २८ च्या वरचा टायर जात नाही.

हिशेब करा. तुमचं वजन ७८, सायकल १४ धरा, सामान १५-१८. म्हणजे दोन चाकांवर ११० किलो. या वजनाला आपल्या रस्त्यांवर ३८ ते ४२ चा टायर पाहिजे. ४० धरला तर दोन्ही बाजूंना सहा-सहा मिलीमीटर मोकळे सोडून चिमट्याच्या आत ५२ लागतात. हे सहा मिलीमीटर चैनीचे नाहीत. आमच्याकडं कृष्णाकाठी ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर रानातली काळी माती चाकाला चिकटवून डांबरावर आणतात, त्यावर टँकरचं पाणी सांडतं. ती माती मडगार्डात शिरली की चाक जागच्या जागी जाम. काडीनं उकरत बसावं लागतं. मी बसलोय.

दुसरं, मागच्या नळ्यांची लांबी, म्हणजे पायडलच्या मधल्या धुरीपासून मागच्या एक्सलपर्यंत. रेसच्या सायकलला ती ४१० मिलीमीटरच्या आसपास असते. तुम्ही ४५० ते ४६० मागा. कारण बाकीचे सांगतीलच.

मिरजकरीण | ४ जून, सकाळी ८.४८

कारण मी सांगते, काका, माझी टाच अजून आठवण काढते.

पहिल्या टूरला मी जुनी रेसची फ्रेम नेली होती. मागं दोन बॅगा. मिरजेतून निघाले, अंकलीच्या पुलापर्यंत सगळं छान. मग लक्षात आलं की प्रत्येक फेऱ्याला टाच बॅगेच्या कोपऱ्याला शिवतेय. टक. टक. टक. एका मिनिटात सत्तर वेळा. बॅग मागं सरकवली तर वजन एक्सलच्या मागं गेलं आणि पुढचं चाक चढावर हलकं पडायला लागलं, हँडल डुलायचं. शेवटी बॅगा तिरप्या करून सुतळीनं बांधल्या आणि तशीच तीन दिवस गेले. ४१० आणि ४५५ मध्ये फरक फक्त साडेचार सेंटीमीटरचा, पण नेमकी तेवढीच जागा टाचेला लागते.

लांब नळ्यांचा आणखी एक फायदा: रुंद टायर आणि पुढचा दातेरी चक्का या दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायला जागा मिळते. तोटा काय, तर सायकल वळायला थोडी संथ वाटते. सामान असताना तेच बरं वाटतं.

एक प्रश्न: चाक ७०० का २६? मी ५ फुटांची, मला ७०० चं चाक म्हणजे हळू वळताना बुटाचं टोक मडगार्डला लागतं. पन्हाळ्याच्या वळणावर तशीच पडले, मागं एसटी होती, ड्रायव्हरनं ब्रेक मारला म्हणून हे लिहितेय. तुमच्या उंचीला चालेल, पण बनवणाऱ्याला विचारा की मडगार्ड लावल्यावर बुटाला किती जागा राहते.

गोडोलीकर | ४ जून, दुपारी १.१०

बाप रे, ताई. लिहून घेतलं. ४५५ नक्की.

चाकाबद्दल मी ७०० च धरून चाललो होतो. पण गावाकडं टायर मिळतो का? २६ तर कुठंही मिळतो ना?

जुना फिटर | ४ जून, संध्याकाळी ७.४०

मिळतो, पण कुठला २६ ते बघा. नावावर जाऊ नका, टायरच्या कडेला कोरलेला अंक (रिमचा व्यास, मिलीमीटरमध्ये) वाचा. मुलांच्या गिअरच्या सायकलींचा २६ म्हणजे ५५९. लेडीज सायकलींच्या टायरवरही २६ च लिहिलेलं असतं, पण पुढचा अपूर्णांक दीड असेल तर ५८४ आणि एक पूर्णांक तीन अष्टमांश असेल तर ५९०. तीन वेगळी मापं आणि एक दुसऱ्याच्या रिमवर चढत नाही. ७०० ची गंमत याहून मोठी. ती रिम ६२२ ची. दुकानात जाऊन "अठ्ठावीसचा द्या" म्हणालात तर दूधवाल्याच्या काळ्या सायकलीचा टायर हातात येईल, तो ६३५ चा. तुमच्या रिमवर तो ढिला पडणार.

५५९ चा जाडा टायर खेड्यातही मिळतो हे खरं. ६२२ चा चांगला टायर साताऱ्यात किंवा सांगलीत मिळेल, पाटणच्या पुढं नाही मिळायचा. पण एक घडीचा टायर बॅगेच्या तळाशी टाकला तर हा प्रश्न उरत नाही. तुमच्या उंचीला मी ७०० च घेईन. मिरजकरीणताईंनी मात्र ५५९ च घ्यावा.

घाटवेडा | ४ जून, रात्री ९.१५

माझ्या डिस्कला कुणी उत्तरच देईना?

शून्यखर्च | ४ जून, रात्री ९.५०

मी देतो. डिस्कला फ्रेम जाड लागते. रिमब्रेक चिमट्याच्या दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला धरतो. डिस्कचा सगळा ओढा चिमट्याच्या डाव्या पायाच्या टोकाला येतो, म्हणून चिमट्याच्या नळ्या जाड आणि ताठ कराव्या लागतात. स्टीलच्या बारीक, वाकड्या चिमट्याचा जो लवचीकपणा हाताला सुखावतो तो गेला. मग स्टील घेतलं कशाला? शिवाय मागचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) मागच्या वरच्या नळीवर असला की कॅरिअरचा पाय त्याच्यावर आदळतो, मग वॉशरांची चळत लावा. टेम्पोत टाकली तर डिस्कचं पातं वाकतं. आणि पॅड! प्रत्येक कंपनीचा आकार निराळा. व्ही-ब्रेकचे (रिमब्रेकचाच प्रकार) रबर मेढ्याच्या दुकानातही मिळाले मला.

घाटवेडा | ४ जून, रात्री १०.०२

मेढ्यात मिळाले, कारण तुला मेढ्यात लागले! माझे पॅड एक अख्खा पावसाळा जातात. आणि केबलवाली डिस्क घ्यायची, तेलाची नाही. केबल कुठंही मिळते. मागचा कॅलिपर मागच्या खालच्या नळीवर, त्रिकोणाच्या आत बसवायला सांग, कॅरिअरला अडचण नाही. कुंभार्ली सामानासकट उतरणार आहेस, रिम किती तापते ते हात लावून बघ एकदा.

शून्यखर्च | ४ जून, रात्री १०.११

पाय हा लावायचा असतो मधे मधे. थांबायचं, चहा प्यायचा, रिम गार करायची.

बाभूळकाटा | ४ जून, रात्री १०.१३

भांडा भांडा. मी कणसं भाजतो.

जुना फिटर | ५ जून, सकाळी ६.०५

दोघंही बरोबर आहात. पण गोडोलीकरांचा रोजचा वापर पावसातला आहे आणि सायकल एकच, तेव्हा मी डिस्कच्या बाजूला झुकेन. चिमटा ताठ होतो हे खरं, त्यावर उपाय ४० चा टायर कमी हवेवर चालवणं. मात्र मागचा हब १३५ मिलीमीटरचा, साध्या क्विक रिलीजचा (खटका ओढून चाक निघतं तो) मागा. १४२ चा आरपार एक्सल चाक घट्ट धरतो, पण तो एक्सल हरवला किंवा आटे खराब झाले तर आपल्याकडं गावात कुणी हात लावणार नाही. १३५ चा हब गिअरच्या बऱ्याच सायकलींतून मिळतो. फक्त ड्रॉपआउटचं (एक्सल बसतो त्या खाचेचं) तोंड असं हवं की डिस्क दाबल्यावर चाक बाहेर न सरकता आतच दाबलं जाईल. बनवणाऱ्याला हे एक वाक्य सांगा, त्याला कळेल.

आणि मधल्या धुरीला आट्यांचंच बीबी (पायडलच्या धुरीचं बेअरिंग), ६८ चं. दाबून बसवायची नवी टूम नको, ती करकरते. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात हे गावच्या मेकॅनिकला आधी सांगा, नाहीतर तो पान्यावर उभा राहून आणखी घट्ट करून ठेवेल. एकानं माझ्यादेखत केलंय.

गोडोलीकर | ५ जून, रात्री ८.३०

काका, नळीचं काय? फॉर्ममध्ये दोन पर्याय आहेत: साधी क्रोमोली ४१३० स्टीलची आणि एक महागडी, नाव रेनॉल्ड्सचं. महागडी जास्त कडक असते का? सामान असताना फ्रेम पिळवटते असं ऐकलंय.

जुना फिटर | ५ जून, रात्री ९.४५

हा गैरसमज फार जुना. सगळं स्टील लवचीकपणात जवळपास सारखंच. त्याच जाडीची, त्याच व्यासाची नळी घेतली तर दूधवाल्याच्या सायकलीचं स्टील आणि महागडं स्टील सारखंच लवतं. फरक मजबुतीत असतो, म्हणजे वाकून कायमचं वाकडं व्हायला किंवा तुटायला किती जोर लागतो यात. महाग नळी जास्त सोसते, म्हणून ती पातळ करता येते आणि फ्रेम हलकी होते. पण पातळ केली की ती उलट जास्त लवते! तेव्हा सामानाच्या सायकलीला अतिपातळ नळी घेऊन पैसे देऊन डुलणं विकत घेऊ नका. दोन्ही टोकांना ०.९ आणि मध्ये ०.६ मिलीमीटरची बटेड ४१३० तुम्हाला भरपूर झाली. टोकं जाड कारण जोड तिथं असतो आणि उष्णता तिथं लागते.

रेनॉल्ड्सची ५३१ नळी १९३५ ची. माझ्या मामाची एक इंग्लिश सायकल होती, तिच्यावर तो बिल्ला होता. आम्ही पोरं तो बिल्ला पुसायला भांडायचो. ते असो.

सायकलीवरून आठवलं. आमची किर्लोस्करवाडी पलूस तालुक्यात, वसली १९१० ला, पण लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात झाली बेळगावात १८८८ मध्ये सायकलीच्या दुकानानं. नांगर त्यानंतरचे. कुणी सायकल दुरुस्तीला कमी लेखलं की मी हे ऐकवतो.

शून्यखर्च | ५ जून, रात्री १०.२०

काका, माझ्या जुन्या फ्रेमला पुढं कॅरिअरचे आटे नाहीत. गल्लीतला वेल्डर म्हणतो पाच मिनिटांत नट चिकटवून देतो. करू?

जुना फिटर | ५ जून, रात्री १०.२४

आर्क वेल्डिंग? अजिबात नाही. ०.६ च्या नळीला भोक पडेल, नाही पडलं तर सहा महिन्यांनी तिथंच चीर जाईल. पितळेचं किंवा चांदीचं ब्रेझिंग (कमी उष्णतेत वितळवून जोडणं) करणारा गाठा, तोही नळीच्या जाड टोकाशी. नाहीतर रबर लावलेली पट्टी कसून नळीवर आवळा, तेवढ्यानं हलकी बॅग निभावते. म्हणूनच म्हणतो, आटे पहिल्यांदाच भरपूर मागून घ्यायचे. एकाचे पैसे किरकोळ लागतात.

कृष्णाकाठ | ६ जून, सकाळी ११.३०

आट्यांवरून माझी एक गोष्ट, गोडोलीकर तुमच्या उपयोगाची.

मागच्या डिसेंबरात बामणोलीच्या रस्त्यावर होतो. कॅरिअर आणि मडगार्ड दोन्ही एकाच ५ मिलीमीटरच्या बोल्टवर, कारण माझ्या ड्रॉपआउटला भोकच एक. उतारावर एक खड्डा, "ठक" असा आवाज, आणि मागची बॅग आऱ्यांकडं झुकली. थांबून बघतो तर बोल्टचं डोकं गायब. उरलेला तुकडा भोकाच्या आत, बाहेर काहीच नाही पकडायला. उजवी बाजू असल्यामुळं आतल्या अंगाला फ्रीव्हीलचा शेवटचा चक्का, तिकडूनही पकड येईना. तासभर मी रस्त्याच्या कडेला सुईसारखा पंच आणि दगड घेऊन तो तुकडा टिचक्या मारत फिरवत बसलो. एक म्हातारबाबा म्हशी घेऊन निघाले होते, थांबले, बघितलं, म्हणाले, "आरं सुतळीनं बांध की." बांधलं. तसाच साताऱ्यापर्यंत आलो, वेग म्हणाल तर त्या म्हशींएवढा.

तेव्हा प्रत्येक टोकाला दोन-दोन आटे. एक मडगार्डला, एक कॅरिअरला. एक तुटला तर दुसऱ्यावर दोन्ही चढवून घर गाठता येतं. आणि बोल्ट आतल्या चक्क्याला लागेल इतका लांब नको, पण दोन आटे पुढं येईल एवढा ठेवा. तुटला तर मागून पकडता येतो.

पुढच्या चिमट्याला अर्ध्या उंचीवरही एक जोडी आटे घ्या. तिथं खाली बॅगा टांगल्या की हँडल शांत राहतं. सगळं वजन मागं टाकलं तर चढावर उभं राहून पायडल मारताना सायकल शेपटी हलवते.

मिरजकरीण | ६ जून, दुपारी ३.००

कृष्णाकाठ, म्हशीवाल्या बाबांना माझा नमस्कार. सुतळी ही आपली राष्ट्रीय दुरुस्ती आहे.

गोडोलीकर | ८ जून, रात्री १०.४०

आता राहिलेलं किरकोळ. स्टँडची पट्टी घेऊ का? टूरिंगवाले नाकं मुरडतात असं वाचलं.

कृष्णाकाठ | ८ जून, रात्री १०.५५

घ्या. प्रत्येक टपरीपुढं भिंत नसते. पण पट्टी ब्रेझ करूनच. बाजारातला आवळायचा स्टँड मागच्या पातळ नळ्यांना चेपतो.

घाटवेडा | ८ जून, रात्री ११.१०

गिअरचा विचार केलास का? फ्रेमचा नाही म्हणशील, पण पुढं छोटा चक्का बसेल इतकी जागा नळ्यांत हवी. पुढं २६, मागं ३४ दात असले तर ७०० च्या चाकाला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १ मीटर ६७ सेंटीमीटर जाते. मिनिटाला ६० फेरे म्हणजे तासाला ६ किलोमीटर. सामान घेऊन यवतेश्वरला तोच वेग असतो, माझा तरी. पुढं ३४ मागं २८ ठेवलंस तर त्याच फेऱ्यांना साडेनऊचा वेग ठेवावा लागतो, नाहीतर गुडघे बोलतात.

जुना फिटर | ९ जून, सकाळी ६.१५

शेवटचं, आणि हे फॉर्ममध्ये नसेल. बीबीच्या खाली पाणी निघायला एक भोक मागा. पावसात सीटच्या फटीतून, बाटल्यांच्या बोल्टमधून पाणी आत जातं आणि स्टील आतून खात सुटतं. रंग येण्याआधी नाही, रंग झाल्यावर आतून जवसाचं तेल फिरवा, फ्रेम उलटीसुलटी करून. आणि सीटचा दांडा अल्युमिनियमचा असेल तर ग्रीस लावूनच घाला, वर्षातून एकदा उपसून परत लावा. न लावलेला दांडा काढायला मी एकदा दीड दिवस घालवलाय, शेवटी करवतीनं आतून चिरला.

गोडोलीकर | १४ जून, रात्री ११.५०

फॉर्म गेला. ७०० चं चाक, ४२ पर्यंत टायर मडगार्डसकट, मागच्या नळ्या ४५५, केबल डिस्क, कॅलिपर आत, १३५ हब, आट्यांचं बीबी, चारही टोकांना दोन-दोन आटे, चिमट्याला मधली जोडी, स्टँडची पट्टी, तीन बाटल्या. पंपाची खुंटी नको म्हटलं. नळी साधी ४१३०. वाचलेल्या पैशांचा चांगला कॅरिअर. रंग बायकोनं निवडला, हळदी पिवळा. सांगलीकरांनी खूश व्हावं.

गोडोलीकर | २१ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२५

धागा वर काढतोय. सायकल आली, दोन महिने झाले. आज पुढं-मागं १४ किलो घेऊन कासला जाऊन आलो. टाच बॅगेपासून अंगठाभर लांब राहते, मोजली. हँडल सोडलं तरी सरळ जाते (घाटात सोडलं नाही, सपाटीवर).

एक चूक झाली. फ्रेमच्या पुढच्या तिरक्या नळीच्या पोटाला तिसऱ्या बाटलीचे आटे घेतले. ४० चा टायर आणि त्यावर मडगार्ड लावल्यावर तिथं एक लिटरची बाटली जातच नाही, पुढच्या मडगार्डला घासते. अर्ध्या लिटरचीही जेमतेम. टायर-मडगार्डचा हिशेब चिमट्यासाठी केला, बाटलीसाठी करायचा राहिला.

जुना फिटर | २२ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

तिथं पाणी नाहीतरी चिखलाचंच झालं असतं. बुटका डबा बसवा, त्यात पाने, टायर लिव्हर, ट्यूब आणि चार जादा ५ मिलीमीटर बोल्ट. तेल फिरवलंत का?

गोडोलीकर | २२ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

फिरवलं काका. बीबीच्या भोकातून गळून हॉलमधल्या फरशीवर डाग पडलाय. त्यावर सध्या पायपुसणं टाकून ठेवलंय.